सगळ्यात लहान फर्मा

माझ्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी त्याला एक फर्मा लावून ठेवते. फर्मा म्हणजे ज्याच्यावर बूट चढवून शिवतात तो लाकडी पाय. हा सगळ्यात लहान, नुकतंच चालायला लागलेल्या पोराच्या मापाचा. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी आम्ही कॅलिपर करतो: दोन बाजूंना पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. वडिलांच्या काळात या फर्म्याला उसंत नव्हती. आता कित्येक वर्षांत त्याच्यावर बूट चढलेला नाही.

शेजारचा घड्याळजी चिडवतो, "बाई, दोन थेंबांनी तुमचा धंदा बुडवला."

"बुडू दे की! पार बुडाला ना, तर भर रस्त्यात नाचेन मी."

धाकट्या भावाचा पाय गेला तेव्हा ते थेंब आमच्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते. त्याचा पहिला बूट वडिलांनी याच फर्म्यावर शिवला. कॅलिपर घालून बसायचं तर गुडघ्याचा खटका उघडावा लागतो, खट् असा आवाज होतो. भाऊ कामावरून येऊन खुर्चीत बसला की खट् वाजायचं आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जिथे असेल तिथून धावत यायचा. भाऊ गेला, तरी भाचा त्या आवाजाची आठवण अजून कौतुकाने सांगतो.

आणि हाच भाचा मला म्हणाला, की आता आपल्या तान्ह्या लेकीला एकही लस द्यायची नाही! मागच्या सुईनंतर पोरीला ताप आला होता, रात्रभर रडली होती, तेव्हापासून त्याने धसका घेतला होता. धसका मला कळतो. पण पुढे म्हणाला, "आणि आत्या, पोलिओ आता राहिलाय कुठे? कुणाच्या घरी दिसतो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घर गळत नाही म्हणून छप्पर काढून ठेवतोस का रे?" मी विचारलं. तो हसला. आत्याचं बोलणं त्याने हसण्यावारी नेलं, तेव्हाच मी ठरवलं, आता बोलायचं नाही, करून दाखवायचं.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले. पोरगी चटईवर पाय उडवत पडली होती. मी पिशवीतून टेप काढला, तिच्याजवळ बसले आणि तिचं पाऊल हातात घेतलं.

"आत्या, काय करतेस?"

"माप घेतेय. कॅलिपरचं. तुझं ठरलंय ना? मग ऐन वेळी धावपळ नको."

तो ताटावरून ताडकन उठला. "आत्या! असं अभद्र बोलवतं तरी कसं तुला?"

"मी नुसतं माप घेतेय. अभद्र तू ठरवलंयस."

मग मी पिशवीतला गुडघ्याचा खटका काढला, लहान मापाचा, आणि त्याच्यासमोर उघडला. खट्. तो जागच्या जागी थांबला.

"गोड वाटतो ना हा आवाज? तुझा बाप लग्नसमारंभात शेवटपर्यंत उभा राहायचा. घामाघूम व्हायचा, पण बसायचा नाही. बसलं की खट् वाजणार आणि सगळे मान वळवून बघणार. तुला त्याने हे कधी सांगितलं नाही, कारण तुला तो आवाज आवडायचा. मी सांगते. हवं तर बोलणं टाक माझ्याशी."

तो पोरीच्या पायांकडे बघत चटईवर बसला. बोलली ती भाचेसून. बाळाच्या कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "आत्या, सकाळी दवाखाना लवकर उघडतो ना?"

"आणि पुन्हा ताप आला तर?" भाच्याचा आवाज पार बारीक झाला होता.

"येईल कदाचित. तिच्या अंगात लढाईची तालीम चालली आहे असं समज. मी येते झोपायला, तिघं मिळून जागू."

दवाखान्यात पोरीने थेंबांना तोंड वाकडं केलं आणि सुईला दवाखाना डोक्यावर घेतला. मीही खुशाल रडले. कुठल्या तरी परक्या गावच्या प्रयोगशाळेत कुणीतरी शंभरदा चुकलं, पुन्हा मान मोडून कामाला लागलं, तेव्हा हे दोन थेंब आमच्या पोरीच्या जिभेवर पडले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पण जो म्हणतो विज्ञानाने आम्हाला काय दिलं, त्याला माझ्या दुकानात पाठवा. माझं रिकामं दुकान दाखवते मी त्याला.

परवा भाचा पोरीला घेऊन दुकानात आला. नुकतीच चालायला लागली आहे, कुणाच्या हाती लागत नाही. त्याने खाली सोडताच दाराकडे पळाली, फर्म्याला अडखळली आणि बदकन बसली. उठली, फर्म्याकडे रागाने पाहिलं आणि दिली एक लाथ. फर्मा गडगडत रस्त्यावर गेला.

"अगं, आत्याआजीच्या वस्तूला लाथ नाही मारायची," भाचा म्हणाला.

"गप रे तू," मी म्हटलं. "मार गं बाई. अजून एक मार."