शेवटच्या धारांतलं लोणी

वैशाखातल्या त्या सकाळी मैंदर्गीजवळच्या वाडीत दूध केंद्रापुढं सगळं गाव लोटलं होतं. हलग्या कडाडत होत्या, धुपानं डोळे चुरचुरत होते आणि मधोमध कोंडीबाची गाय दाव्याला हिसके देत थरथरत उभी होती.

"काढ धार!" दुधातली फॅट उतरली म्हणून लोणीचोर हुडकायला गावानं बोलावलेला लोणीबाबा गरजला. कोंडीबाच्या हाती जेमतेम पावशेर दूध लागलं. पुढं थेंब येईना.

केंद्रावर फॅट तपासणाऱ्या विरुपाक्षानं ते दूध नळीत घेतलं, ॲसिड घातलं, यंत्र गरागरा फिरवलं. फॅट भरली दोन.

"बगा! लोणी कुणीतरी डोळ्यांनी पिलंय!" बाबानं हलग्या थांबवल्या, वासरू सोडायला लावलं आणि गाईच्या पाठीवर हात फिरवत पुटपुटला, "लोणी लोणी लोणेश्वरा, चोराच्या पोटातनं माघारी फिरा!" गाय पान्हावली. बादली भरत आली तेव्हा बाबानं अगदी अखेरच्या धारा बाटलीत धरल्या. फॅट सात!

"यंत्रच बोललं की!" लोक पटापटा पाया पडू लागले.

विरुपाक्षाला ती नळी आपटून फोडावीशी वाटली. महिनाभर तो घसा कोरडा करून सांगत होता, उन्हाच्या तावात गाय धापा टाकते, कडबा खात नाही, म्हणून फॅट उतरते. थंडी पडली की आपोआप चढते. ऐकतंय कोण? आणि आता त्याचंच यंत्र भोंदूची साक्ष देत होतं.

बाबाचं बोट काशम्मावर थांबलं. नवरा गेलेला, दोन गाईंवर तिचं पोट. "चोर ही हाय!"

"उद्यापास्नं हिचं दूद केंद्रात घ्यायचं न्हाय," सरपंच चनमल्लप्पांनी सांगून टाकलं.

काशम्मा रडली नाही. विरुपाक्षाजवळ येऊन म्हणाली, "सायेब, तुमी कदी धार काढली न्हाय व्हय? शेवटचं दूद लई जाड असतंय. आमी समदे ते वासराला सोडतो. तुमच्या नळीत कदी येणार ते?"

विरुपाक्षाला स्वतःचीच लाज वाटली. पाच वर्षं दूध तपासलं, गाईखाली एकदाही बसला नाही.

संध्याकाळी विरुपाक्षानं सगळ्यांसमोर चनमल्लप्पांची गाय आणवली; तिला बाबाचा हात लागला नव्हता. हलगी नाही, मंत्र नाही. काशम्मानं पहिल्या धारा एका बाटलीत घेतल्या, शेवटच्या दुसरीत. दोन आणि सात. बाबानं तेवढ्यात झोळी उचलून गावाबाहेरची वाट धरली.

"म्हंजी मंत्र हिलाबी येतोय!" कोंडीबा हात जोडून पुढं झाला.

विरुपाक्षाचा संयम सुटला. "मंत्र कुणालाच येत नाही, कोंडीबा! कासेत दूध साठतं तेव्हा लोणी मागं राहतं, शेवटी उतरतं. हलगीनं गाय भेदरली की तिचा मेंदूच पान्हा अडवतो. वासरू दिसलं, पाठीवर हात फिरला, की सोडतो. एवढंच! माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, आपापली गाय पिळा, दोन बाटल्या भरून आणा. पण तपासून बघितल्याशिवाय कुण्या बाईला चोर म्हणू नका!"

सकाळी केंद्रापुढं माणसं दोन-दोन बाटल्या घेऊन उभी होती. काशम्मा रांग मोडून थेट पुढं आली.

"माजं दूद आदी. काल समद्यांदेखत मला चोर म्हनलासा न्हवं?"

चनमल्लप्पांनी मान खाली घातली, तिची घागर स्वतः उचलली आणि समद्यांदेखतच केंद्राच्या कॅनमध्ये ओतली.