रंगाऱ्याचं देखणं काम

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या त्या छोट्या स्टुडिओत त्याला सगळे रंगारी म्हणत. खरं तर तो तिथला तंत्रज्ञ. माइक लावायचे, वायरी तपासायच्या, वाचून झालेल्या प्रकरणांतले खोकले आणि पानांची सळसळ कापायची, हे त्याचं काम. पण त्याचा जीव अडकलेला असायचा पडद्यावरच्या रंगरूपात. स्टुडिओतलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं आणि कुणीही आत हात घालून त्याचा चेहरामोहरा बदलावा इतकं मोकळं. आज खिडक्यांच्या कडा गोल कर, उद्या अक्षरं बदल, परवा सगळं पहिल्यासारखं कर, असं त्याचं सतत चाललेलं असे.

यंदा मात्र त्यानं अख्खं रूपच नवं केलं. मागे काळा रंग, वर राखाडी रेघा, आणि वरच्या ओळीतली सगळी बटणं एकसारखी: बारीक रेघेची कडी, आत जेमतेम दिसेल असं चिन्ह. रेकॉर्डिंगचं जाडजूड लाल बटण पहिल्यापासून त्याच्या डोळ्यांत खुपायचं. तेही कड्यांच्या रांगेत जाऊन बसलं. त्यानं पडद्याचा फोटो असल्याच हौशी लोकांच्या एका मंचावर टाकला, तर लोकांनी तो डोक्यावर घेतला. दिवसभर तो मोबाइल काढून कौतुक वाचत होता.

त्याच दिवशी एक ओळ तपासायला म्हणून त्यानं स्वतः रेकॉर्डिंग सुरू केलं, निदान त्याला तसं वाटलं. बोट पडलं होतं शेजारच्या कडीवर, माइक तपासायच्या. आवाजाची पट्टी नाचत होती, साठत काहीच नव्हतं. तो स्वतःशीच हसला. सवय होईल, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, स्टुडिओतला सगळ्यात लाडका आवाज. काचेपलीकडच्या खोलीत त्या एकट्या बसत आणि स्वतःच बटण दाबून वाचत.

"हे काय रे? शोकसभा आहे का आज?" पडदा बघून त्या म्हणाल्या.

"नवं रूप आहे, बाई."

"आणि माझं लाल कुठं गेलं?"

"ते जुनाट दिसत होतं."

"मग आता माझा नंबर," बाई हसल्या आणि चष्मा पुसून पडद्यापाशी वाकल्या. त्यानं उभ्या उभ्या बोट दाखवलं, "ही कडी," आणि फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

ती सगळी दुपार बाई वाचत होत्या. कादंबरीतलं सगळ्यात अवघड प्रकरण होतं, नावाडी आपल्या आंधळ्या झालेल्या बायकोला समुद्र सांगतो ते. काचेतून त्यांचे हात दिसत होते, हवेत लाटा काढणारे. वाचून झाल्यावर त्या घाम पुसत बाहेर आल्या. तोवर त्यांचा मुलगा त्यांना न्यायला येऊन बसला होता. रंगाऱ्यानं पडद्यावर रेकॉर्डिंग शोधलं. तिथं काहीच नव्हतं.

काय झालं असेल ते त्याला तत्क्षणी कळलं.

"दाबलं होतं रे मी," बाई म्हणाल्या. "पट्टी हलत होती."

मुलगा बघत होता. रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "बहुधा दाबायचं राहिलं असेल, बाई."

"असेल," बाई हळूच म्हणाल्या. "परवा घरीही नळ उघडा राहिला होता माझ्याकडून."

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

त्यानंतर बाई आल्याच नाहीत. रंगाऱ्यानं फोन केला तर मुलानं उचलला. आईला विसरायला होतंय, डॉक्टरांना दाखवतोय, म्हणाला. गॅस लावू देत नाही, एकटीला बाहेर सोडत नाही. "तुमच्याकडचं ते झालं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. बरं झालं म्हणायचं."

बरं झालं! मंचावर लोक अजून रंगाऱ्याला विचारत होते, हे रूप आम्हालाही मिळेल का. एकदा त्यानं उत्तर लिहायला घेतलं आणि खोडून टाकलं.

शेवटी तो लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी गेला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. स्वयंपाकघरात मुलगा चहा करत होता. रंगारी बसलाही नाही. त्यानं लॅपटॉपवर तेच काळं रूप उघडून तो टेबलावर ठेवला आणि मुलाला हाक मारली. "जरा रेकॉर्डिंग सुरू करून दाखवता का?"

मुलगा हात पुसत आला. त्यानं पडद्यावरून नजर फिरवली, डोळे बारीक केले आणि एक कडी दाबली. पट्टी नाचू लागली. "झालं सुरू."

"नाही झालं," रंगारी म्हणाला. "तुम्हीही तीच दाबलीत. आदल्या दिवशी मीही तीच दाबली होती. बाईंची काही चूक नव्हती. मला माहीत होतं."

चहा उतू गेल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

"मग तिथंच का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"हे समोर होते. लाज वाटली मला."

"आणि माझी? माझ्या लेकासमोर माझी लाज गेली, ती चालली तुला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी उठून मी स्वतःची परीक्षा घेते. काल काय जेवले, दार लावलं का. डॉक्टरनं मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं रे, पहिलीतल्या पोरासारखं."

रंगारी मान खाली घालून उभा राहिला. माफ करा म्हणाला, पण ते इतकं पुचाट वाटलं की पुढचं त्यानं गिळलं.

मुलगा आईजवळ बसला. "नळाचं म्हणशील तर, आई, मीही विसरतोच की," तो म्हणाला. बाई उठून गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि मुलानं त्यांना अडवलं नाही.

महिन्याभरानं बाई पुन्हा वाचायला आल्या. डॉक्टरांनी निर्वाळा दिला होता. रंगाऱ्यानं आपलं सगळं काम काढून टाकलं होतं. लाल बटण जागेवर होतं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि रेकॉर्डिंग चालू असताना वरची सगळी पट्टी लाल होत होती. दारातूनही दिसावी इतकी.

बाईंनी ते पाहिलं, दाबलं. पट्टी लाल झाली. पुस्तक उघडलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि काचेकडे वळून विचारलं, "चालू आहे ना रे?"

त्यानं मान हलवली.

अर्धं पान झालं नसेल, पुन्हा मान वर झाली. "चालू आहे ना?"

पूर्वी त्या एकदा सुरू झाल्या की जग विसरून वाचत. आता नावाडी बायकोला लाटा सांगता सांगता मध्येच थांबतो, आणि बाई काचेतून विचारतात. रंगारी दर वेळी मान हलवतो. संध्याकाळी सगळे गेले की कानाला हेडफोन लावून तो ते प्रश्न एकेक करून कापतो. ऐकणाऱ्यांना प्रकरण सलग ऐकू येतं.