राणीसावरगावची बाटली

रोहिणीने संगणकावरची यादी पुन्हा वर सरकवली. राणीसावरगावहून आलेल्या किड्यांच्या बाटलीत उझी माशी. आधीच्या बाटलीतही उझी माशी.

"नमुने एकमेकांत मिसळले असतील," ती आपल्या विद्यार्थिनीला, राजेश्रीला म्हणाली. "पुन्हा लाव."

"पुन्हाच लावलंय, मॅडम."

पूर्वी एकेका किड्याचा डीएनए वाचायला इतका खर्च यायचा, की बाटलीतले चार निवडक किडे पाठवून गप्प बसावं लागे. आता प्रत्येकाचा एक पाय घ्यायचा आणि तळहातावर मावणाऱ्या यंत्रातून हजारो किडे एकदम ओळखायचे. त्यामुळेच ही माशी नजरेस पडली. ती जगते रेशमाच्या अळ्यांवर. राणीसावरगावच्या शिवारात तुतीचं झुडूपसुद्धा नव्हतं. रेशमाचं शेड होतं ते ताडकळसला, योगीराजच्या घरामागे.

योगीराज तिचा एम.एस्सी.पासूनचा सोबती. एका डब्यात जेवून दोघांनी फवारा न मारलेल्या रानातले किडे मोजायचं हे काम उभं केलं होतं. श्रावणात ती बाळंत झाली तेव्हा तो म्हणाला होता, "तू लेकराकडं बघ. राणीसावरगाव माझ्याकडं लागलं." तेव्हापासून तिथल्या शेताच्या बांधावरच्या जाळीच्या तंबूत पडलेले किडे दर रविवारी बाटलीत भरून सोमवारी तोच आणून देत होता.

त्या रविवारी बाळाला आईजवळ ठेवून रोहिणी गंगाखेडमार्गे राणीसावरगावला निघाली. योगीराज तिथे भेटेल, काहीतरी साधंसं कारण सांगेल आणि आपल्यालाच आपली लाज वाटेल, असं तिला बसमध्ये वाटत राहिलं.

शेताच्या धुऱ्यावर तंबू नव्हता. रानाच्या मालकीण धुरपताबाई तुरीच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी रोहिणीला पाहिलं, पण बसा म्हटलं नाही.

"तंबू कुठाय, मावशी?"

"मला काय इचारता? तुमीच काढायला लावला की."

"मी?"

"पोळ्याच्या आधीच नेला त्या सरांनी. म्हणले, तुमी चोरून फवारा मारला, म्याडमला कळलंय, आता तुमचं रान नको." धुरपताबाईंचा आवाज चढला नाही. "म्या तुमाला जबान दिलती. शेजारच्यांनी सोयाबीन फवारून घेतलं. आळीनं माझ्या पानांची चाळण केली, तरी एक थेंब मारला न्हाई. अन् तुमी मलाच खोटं ठरवलं."

रोहिणी काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. योगीराज. तिने स्पीकर सुरू केला.

"रोहिणी, राणीसावरगावहून आत्ताच निघालोय बघ. या खेपेला बाटली लय भरलीय."

"धुरपताबाई भेटल्या का?"

"भेटल्या की! चहा पाजल्याबिगर सोडतात व्हय? तुझ्या लेकराची चौकशी करायल्या होत्या."

धुरपताबाईंचा हात शेंगेवर तसाच थांबला.

"बरं," रोहिणी म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

वाऱ्याने तुरीचं रान सळसळलं.

"तुमाला लेकरू झालं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"हो. मुलगी."

"मला कुठं ठावं?"

रोहिणीने मान खाली घातली. "मावशी, मी असं काही म्हणाले नव्हते."

"ते कळलं आता." त्यांनी शेंगा ओटीत टाकल्या. "पर त्यो माणूस तुमीच आणला होता."

रोहिणी बांधाबांधाने रस्त्यावर आली. बस मिळाल्यावर तिने राजेश्रीला फोन लावला आणि श्रावणापासूनच्या राणीसावरगावच्या सगळ्या बाटल्या बाजूला काढायला सांगितल्या.

राजेश्री चाचरत म्हणाली, "योगीराज सरांचा फोन आला होता. उद्या नवी बाटली आणायलेत. काय सांगू त्यांना?"

रोहिणीने खिडकीच्या गजावर आवळलेली मूठ सैल केली.

"काही सांगू नकोस. घेऊन ठेव," ती म्हणाली. "तीही वाचू. एकूण एक किडा."