नाही म्हणायची रीत

कांदा निम्मा जमिनीत, निम्मा बाहेर. वर आभाळ काळंठिक्कर. वारा तर असा थांबलेला की पात हलेना. आणि अशा वेळी आई-आबांचं जुंपलं.

"शाळेत सभा आहे. तुम्ही जा," आई म्हणाली.

"मी जाऊन काय करू? फळा पुसू?" आबांचा विळा काही थांबला नाही. "तू जा. तुला बोलता येतं."

"ते घरात हो! चार माणसांत गेलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"मग बरंच आहे की. ऐकायचं आणि यायचं."

आई पदर खोचून निघाली. मीही मागं गेलो, कारण विषय माझ्या बहिणीचा होता, बारकीचा. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. बारकी सातवी झाली, आमच्या काकाची ठकीही झाली. पुढं कोणकोणत्या वाटा आहेत ते सांगायला बाईंनी सगळ्या आईबापांना बोलावलं होतं.

वर्गात बाईंच्या शेजारी एक पाहुणा बसलेला. पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्यासारख्या चिखलाच्या गावात पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर नवरदेव, नाहीतर काहीतरी विकायला आलेला.

बाई उभ्या राहिल्या. "हे बघा, एक वाट म्हणजे मोठ्या गावची शाळा. रोज बसनं जायचं, बसनं यायचं. दुसरी, शहरातलं सरकारी मुलींचं वसतिगृह. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. पण या आठवड्यातच मुलीला घेऊन स्वतः जावं लागेल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "या आठवड्यात? आणि कांदा कोण काढणार, तिचा मामा?"

"आणि तिसरी..." बाई अडखळल्या. "तिसरी हे साहेब सांगतील. मला वरून सांगितलंय, त्यांना बोलू द्या म्हणून."

पांढरेबूट गोड हसला. "आमची शिवणकामाची शाळा आहे. शिकणं आमच्याकडे, राहणं आमच्याकडे, वर नोकरी. तुम्ही शेत सोडून हलायचंसुद्धा नाही. गाडी दारात येईल."

शेळ्या राखणारे आजोबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं, "पोरी सुट्टीला घरी येतात का?"

"येतात की. कामाचा... आपलं, अभ्यासाचा भार बघून."

सगळ्यांना एकच आठवलं असणार. पलीकडच्या वस्तीवरची एक पोर मागच्या साली अशाच गाडीत बसून गेली होती. आजा वारला तेव्हा घरी आली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. बाहेर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली की ताडकन उठून दाराकडे निघायची, डोळे मिटलेलेच. बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून कातडं दगड झालेलं. काय गं हे, विचारलं तर म्हणायची, काही नाही. आजाचे दिवस व्हायच्या आत गाडी येऊन तिला घेऊन गेली.

"मग? कुणाची हरकत आहे का?" पांढरेबूटानं विचारलं.

सगळे गप्प.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. कुणी बैल मागायला आला, पोरीला स्थळ घेऊन आला आणि द्यायचं नसेल, तर त्याला पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. तो पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो, उठतो. समजून जातो. कुणाचा अपमान नाही, वाकडेपणा नाही. त्या दिवशी अख्खा वर्ग त्याला ठणकावून नाही म्हणत होता.

बाई खाली मान घालून पुटपुटल्या, "अहो, बोला की कुणीतरी."

"छान!" पांढरेबूटानं टाळी वाजवली. "सगळे तयार आहेत."

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "कुणी काही बोललं?"

"कुणीच नाही," आई म्हणाली.

"मग मिटलं."

मी म्हटलं, "आबा, तो आपल्याकडचा नाही. त्याला काय कळणार?"

"एवढं न कळायला तो काय दगड आहे?"

दोन दिवसांनी गाडी आली. काचांना आतून कागद चिकटवलेले. मागं कोण बसलंय ते दिसेना, नुसती कुणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू आली.

आबांनी पांढरेबूटाला पाणी दिलं आणि गप्प उभे राहिले. तो पाणी प्यायला. तांब्या परत दिला. आता निघेल असं आबांना वाटलं.

"कपडे भरलेत ना मुलीचे?" तो म्हणाला.

आबांनी जमिनीकडे बघितलं. आणखी गप्प झाले. पांढरेबूटानं ड्रायव्हरला खूण केली. तो गडी सरळ घरात शिरला आणि दाराआडच्या बारकीचं मनगट धरलं. मी पुढं झालोच, तेवढ्यात आई बोलली.

"नाही."

इतकं हळू, की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल. मग मात्र ओरडली, "नाही म्हणते ना! हात सोड तिचा! माझी पोर वसतिगृहात जाणार. उद्या मी स्वतः घेऊन जाणार."

"ताई, सभेत तर तुम्ही..."

"सभेत गप्प होते. आता बोलतेय."

आबा कासावीस झाले. "अगं, दारात आलेल्या माणसाला..."

"तुमचं पाणी देऊन झालं ना? आता बाजूला व्हा!"

पांढरेबूट हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "असू दे. एक कमी," म्हणाला आणि शेजारी काकाच्या दारात गेला.

तिथं काकूनं पाणी आणलं. काका खांबाला टेकून गप्प.

आई कुंपणावरून ओरडली, "धाकटे! नाही म्हण! नुसतं नाही म्हण गं!"

काकूचे ओठ हलले. काकानं आईकडे असं बघितलं, जणू चारचौघांत तिनंच घराची अब्रू घालवली. ठकी आपल्या आईकडून बापाकडे, बापाकडून आईकडे बघत राहिली. कुणी काही बोलेना. मग तिनं स्वतःच चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. तिलाही तीच रीत शिकवलेली.

तिन्हीसांजेला टपोरे थेंब सुरू झाले. आम्ही कांद्यावर ताडपत्री ओढत होतो. न बोलावता काका आला आणि दुसरं टोक धरलं.

"वहिनी, मी हो म्हटलं नव्हतं हां," तो म्हणाला. "तुम्ही होता तिथं. एक शब्द बोललो नाही मी. त्या माणसाला कळायला नको?"

आईनं टोक खाली दाबलं. पावसाचं पाणी तिच्या हनुवटीवरून गळत होतं.

"भावजी, ती शाळा कुठल्या गावाला आहे, ते विचारलंत का?"

काकानं एक दगड उचलून ताडपत्रीवर ठेवला. परत उचलला. परत तिथंच ठेवला.