हात धुण्याचा तास

वर्तकनगरचा केदार कॉलेजच्या समाजसेवेसाठी एका संस्थेतर्फे आंबिवलीच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आला होता. हात कसे धुवावेत याचं पोस्टर त्याने चांगलं खपून रंगवलेलं. ते उघडायचा अवकाश, मुलांनी न सांगताच तळवे, बोटं, नखं, मनगटं हवेतल्या हवेत चोळून दाखवली, तीही एका तालात.

"हे कोणी शिकवलं?"

"तुमच्यासारखे दादा-ताई येतात ना, ते सगळे हेच शिकवतात," पाचवीतली संचिता समजुतीच्या सुरात म्हणाली. "आता फोटो काढा."

मुलं सवयीने हात पुढे करून हसली. केदार ओशाळला.

"बरं, तुला काय शिकायचंय?"

"भागाकार," संचिता म्हणाली. "पण त्याचा फोटो चांगला नाही येणार, दादा."