अति तातडीचे

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, रुग्णालयातल्या वॉर्डाचा. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर दोन शब्द: 'अति तातडीचे'. माझ्या थोरल्या भावावर नुसतंच 'तातडीचे' होतं. जो तो त्याला वापरू लागला, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. म्हणून 'अति' जोडून मला घडवलं.

मोठ्या सिस्टर मला कुलपात ठेवत. कुणाच्या जिवावर बेतलं, तरच रक्ताच्या चिठ्ठीवर मला उमटवत. मग लॅबमधले काका हातातला चहा ठेवून उठत. "मोठ्या सिस्टरांचा शिक्का आलाय, सरका!" तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

सिस्टर निवृत्त झाल्या आणि कुलूपही गेलं. डॉक्टरांना लवकर घरी जायचंय? मारा शिक्का. साहेबांच्या मेहुण्याची साखर तपासायचीय? मारा शिक्का. मी घसा फोडून ओरडत राहिलो आणि काका निवांत चहा पीत राहिले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्यापुढची प्रत्येक चिठ्ठी अति तातडीचीच होती.

एका दुपारी मोठ्या सिस्टरच पेशंट होऊन त्या वॉर्डात आल्या. पोटात रक्तस्राव होत होता. रक्त चढवायचं, तर आधी लॅबमधून जुळवून यायला हवं होतं. नवी नर्स त्यांना ओळखत नव्हती. तिने चिठ्ठीवर मला जीव खाऊन दाबलं.

"शिक्का मारलास ना गं?" सिस्टरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"हो आजी, चांगला ठसठशीत."

"आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर?"

"सगळ्यांवरच असतो हो आता."

सिस्टरांनी डोळे मिटले. पोरगी घाबरली, तिने लॅबला फोन लावला. "काका, ही खरंच तातडीची आहे हो!"

"सगळ्यांचं खरंच असतं, पोरी. नंबर आला की बघतो."

नंबर आला, तेव्हा काकांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. रक्ताची पिशवी घेऊन ते स्वतः धावत वर आले, अगदी पूर्वीसारखे. आया खाटेवरची चादर बदलत होती. काका पिशवी छातीशी धरून तिथेच मटकन बसले.

आता मी भावाशेजारी खणात पडून आहे. मित्रांनो, जोराचे शब्द कुलपात ठेवा, एवढीच विनंती आहे. पण खरं सांगू? मला आशा नाही. काल नवा शिक्का आला, 'अत्यंत अति तातडीचे'. वरच्या टेबलावर सकाळपासून त्याची ठकठक चालू आहे.