दार उघडायचं नाही

डार्सी होल्टने पोरासाठी शाळा शोधली ती मुलीला स्थळ शोधावं तशी. सात शाळा पालथ्या घातल्या. शेजारच्या जिल्ह्यात एका सकाळी एक माणूस बंदूक घेऊन शाळेत शिरला होता, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत तिला धड झोप म्हणून नव्हती. वेस पहिलीत जायचा होता. अमेरिकेत आमच्या इंडियाना राज्यात आईबाप शाळा बघायला गेले की विचारतात, वाचायला कसं शिकवतात, बेसबॉलचं मैदान आहे का, डब्याऐवजी तिथलंच जेवलं तर चालतं का. डार्सी विचारायची, दारं आतून लागतात का, खिडक्यांच्या काचा कसल्या, आत यायला वाटा किती. त्यासाठी तिने एक हिरवी वहीच केली होती. ती वही बघितली की प्रिन्सिपल लोक आधी घोटभर पाणी प्यायचे.

शेवटचा प्रश्न ठरलेला. "समजा दारं बंद करायचा इशारा झाला आणि एखादं पोर नेमकं संडासला गेलेलं असलं, तर?"

घराजवळच्या शाळेच्या प्रिन्सिपल मिसेस ओडेल निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नियम उघडायचं नाही असाच आहे. पण खरं सांगू का, बाहेर पोर रडायला लागलं तर मी उघडीन बाई. माझ्याच्यानं नाही राहवायचं."

डार्सीने गाडीत बसल्या बसल्या त्या शाळेवर काट मारली.

"का गं? चांगल्या वाटल्या की बाई," तिचा नवरा टॉड म्हणाला.

"चांगल्या आहेत म्हणूनच. मला दयाळू बाई नकोय, लागलेलं दार हवंय."

ते दार तिला मेपल रिजच्या शाळेत मिळालं. तिथल्या प्रिन्सिपल हॅगर्टीबाईंनी डोळ्याची पापणीही न हलवता उत्तर दिलं. "दार एकदा लागलं की लागलं. मग किल्लीने उघडतील ते पोलीस. बाकी कुणीही ठोको." आणि बाहेर राहिलेलं पोर? "त्याला शिकवलेलं असतं. आडोसा बघायचा, गप्प बसायचं." डार्सीने वहीत या उत्तरापुढे दोन खुणा केल्या. बाहेर राहणारं पोर दुसऱ्या कुणाचं असेल असं काही तिने मनात म्हटलं नाही, तेवढी वाईट ती नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे जे दार होतं त्याच्या आत वेस बसलेला असायचा. दर वेळी आतच.

त्या शाळेसाठी त्यांनी घर बदललं. टॉडचं कामावर जाणं चाळीस मिनिटांनी लांबलं. "तुरुंगात नसेल एवढा बंदोबस्त," तो कुरकुरला, पण त्यालाही मनातून बरंच वाटत होतं. आणि शाळेत कुणा आईने मदतीला यावं असं निघालं तेव्हा डार्सीने सगळ्यात आधी हात वर केला. दर मंगळवारी ती वेसच्या वर्गात मुलांना गोष्ट वाचून दाखवायला लागली.

वेस दुसरीत गेला तेव्हा त्याची आणि ऑगीची गट्टी जमली. ऑगीला आईबाप नव्हते. नव्हते म्हणजे होते कुठेतरी, पण सांभाळायची आजी. विल्मा तिचं नाव, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कपडे धुण्याच्या कामाला. पोरगं भारी बडबडं. समोरचे दोन दात पडलेले, तरी तोंड मिटायचं नाही. गोष्ट चालू झाली की सरकत सरकत डार्सीच्या पायाशी यायचा आणि तिच्या पिवळ्या रबरी बुटांवर बोटांनी गाडी चालवायचा. "मिस डार्सी, हे बूट तुम्ही मंगळवारीच घालता ना? माझ्यासाठी?" तो विचारायचा. ती म्हणायची, "तुझ्यासाठीच रे बाबा."

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी गोष्ट निम्म्यावर आली असताना ऑगीने हात वर केला. वर्गाच्या टीचर मिस ट्रुएट, चोवीस वर्षांची पोर, तिने संडासला जायच्या परवानगीची लाकडी पट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि तो उड्या मारत गेला. त्यानंतर दोन मिनिटंही झाली नसतील. भिंतीवरच्या कर्ण्यातून आवाज आला, दारं बंद करा, दिवे घालवा, ही तालीम नाही.

मिस ट्रुएटने दार लावलं, दिवा घालवला. दारातल्या काचेतून दिसू नये म्हणून दाराच्याच भिंतीला लागून मुलं ओळीने बसली. एकोणीस मुलं, पण चकार शब्द नाही. आमची मुलं चालायला शिकली की लगेच हे शिकतात. लांबून कुठून तरी ठाक, ठाक, ठाक असा आवाज आला. डार्सी दाराच्या सगळ्यात जवळ होती. वेस तिच्या मांडीत.

मग दार वाजलं. जोरात नाही, लहान मुठीचं.

"मिस ट्रुएट? मी आहे."

कुणी हललं नाही.

"मी ऑगी. मी परत आलो."

मिस ट्रुएट अर्धी उठली. डार्सीने तिचं मनगट पकडलं आणि मान हलवली. ती पोर तिच्याकडे बघत राहिली आणि मग खाली बसली. टीचर ती होती, वर्ग तिचा होता, पण बसली. हे डार्सीने केलं. हॅगर्टीबाईंनी नाही, नियमाने नाही.

"वेस?" बाहेरून आवाज आला.

वेसने तोंड उघडलं तसा तिने दुसरा हात त्याच्या तोंडावर दाबला. तो सुटायला धडपडला. मग तिच्या तळव्याला कडकडून चावला. तिने हात काढला नाही.

"मिस डार्सी?" ऑगी म्हणाला. आता रडवेला झाला होता. दार पुन्हा वाजलं, भराभरा. आणि एकदम थांबलं.

त्या क्षणी डार्सीला जे वाटलं ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तिला हायसं वाटलं.

अकरा मिनिटांनी पोलिसांनी किल्लीने दार उघडलं. काहीच झालं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या चर्चचं छप्पर दुरुस्त करत होते, तिथलं खिळे मारायचं यंत्र वाजलं होतं. ऑगी बाहेर कोट टांगतात त्या फळीखाली सापडला. विजार भिजलेली, आणि तोंडातून आवाज फुटू नये म्हणून ती लाकडी पट्टी दातांत घट्ट धरलेली. पोलिसाला ती काढायला वेळ लागला. पट्टीवर दातांचे वण उठले होते, वरचे खालचे, मधे दोन दातांची जागा मोकळी.

त्यानंतर जे सुरू झालं ते डार्सीला सोसवेना. शिव्या घातल्या असत्या कुणी तर तिने उभं राहून खाल्ल्या असत्या. पण सगळ्यांनी डोक्यावर घेतलं तिला. शाळेचं पत्र आलं, एका पालकबाईंनी प्रसंगावधान राखून नियम पाळला. मुलांना न्यायला गाड्या रांगेत लागतात तिथे एका बापाने काच खाली करून शाबासकीचा अंगठा वर केला. "तुमच्यासारखी एक आई हवी हो प्रत्येक वर्गात," एक बाई म्हणाली. मिस ट्रुएट मात्र तिला बघितलं की कागद चाळायला लागायची.

"अगं, तू बरोबरच वागलीस," टॉड म्हणाला. "खरंच कुणी असता तर?"

"खरंच कुणी असता तर तो बाहेर होता, टॉड."

टॉड भांडी लावत राहिला.

वेस घरातलं कुठलंही दार लावू देईना. संडासाचंही. बाहेरचं दार लावलं की जाऊन परत उघडायचा. पुतळ्यासारखा नुसता उभा राहायचा तिथे. डार्सीच्या तळव्यावर दातांचा चंद्र उमटला होता, तो चार दिवस गेला नाही. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की ती डावा हात द्यायची.

शनिवारी सकाळी दारात विल्मा उभी. हातात केळ्याच्या पावाचा पत्र्याचा डबा, वर फडकं. चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं, आली, आता माझी गचांडी धरणार.

पण विल्मा ओशाळं हसली. "पोरी, तुला एक विचारू? तू आत होतीस म्हणून. ऑगी काही बोलतच नाही बघ. सारखा बडबडणारा पोरगा, आता जेवायला हाक मारली तरी नुसता येऊन बसतो." तिने फडकं नीट केलं. "एवढंच सांग. तो वर्गापर्यंत आला होता का? त्यानं दार ठोकलं होतं का?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"नाही," डार्सी म्हणाली. "ठोकलं असतं तर आम्हाला ऐकू आलं असतं."

विल्माचे खांदे खाली आले. "मग बरं झालं गं बाई. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तेच येत होतं, पोरगं दार वाजवतंय आणि आत माणसं आहेत." तिने डबा डार्सीच्या हातात दिला. "तुम्ही पोरांना सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत. डबा सावकाश दे, घाई नाही."

ती गेल्यावर डार्सी वळली तर जिन्यात वेस. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"वेस, पाव खातोस का रे?"

"नाही."

"आवडतो ना तुला."

"तो ऑगीच्या आजीचा आहे," वेस म्हणाला. "आणि तू खोटं बोललीस तिच्याशी."

सात वर्षांच्या पोराने तोंडावर सांगितलं. डार्सीला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणायला गेली की मोठ्या माणसांना कधी कधी, आणि पुढचं वाक्य तिलाच ऐकवेना. तो पाव त्या घरात कुणी कापला नाही.

रविवारी दुपारी ती डबा घेऊन निघाली. धैर्य वगैरे काही नव्हतं. वर्गात एकोणीस पोरं होती, आज ना उद्या कुणाच्या तरी तोंडून फुटणारच होतं, आणि वेस मागच्या सीटवर पट्टा लावून म्हणाला होता, "तू नाही सांगितलंस तर मी सांगणार." म्हणून ती गेली. पाय मात्र नेहमीच्या सवयीने पिवळ्या बुटांत घातले होते, ते तिला विल्माच्या पायरीवर कळलं.

आत ऑगी जमिनीवर पालथा पडून गाड्या लावत होता. वेस तडक जाऊन त्याच्या शेजारी पालथा पडला.

विल्माने डब्यावरचं फडकं उचललं. "हे काय, खाल्ला नाहीत?"

"विल्मा, मी काल खोटं बोलले." डार्सीने खुर्ची धरली. "तो आला होता. त्याने दार ठोकलं. तीनदा हाक मारली, माझं नाव घेऊन मारली. टीचर उघडायला उठली होती, मी तिला ओढून बसवलं. वेस ओ देत होता, मी त्याचं तोंड दाबलं. आम्ही सगळे आत होतो."

विल्मा उभीच होती. डबा हातात. तिचा चेहरा हळूहळू असा झाला की डार्सीने खाली बघितलं. माफीचं एक वाक्य तिने घरून जुळवून आणलं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि इतकं फुटकळ वाटलं की तिने गिळून टाकलं.

"मला माहीत होतं," जमिनीवरून आवाज आला.

पाच दिवसांत ऑगी पहिल्यांदा बोलत होता. गाडीवरचं लक्ष न काढता.

"काय माहीत होतं रे राजा?" विल्माने विचारलं.

"ते आत आहेत ते. मी दाराखालून बघितलं ना. मिस डार्सीचे बूट दिसले." त्याने गाडी रांगेत लावली. "मग मी गप्प झालो. ठोकत राहिलो असतो तर त्याला कळलं असतं."

"कुणाला?"

"त्या माणसाला. वेस आत आहे ते." त्याने आणखी एक गाडी लावली. "नियमच आहे तो, आजी."

विल्माने डबा टेबलावर ठेवला. मग पदराने पुसावं तसं ऍप्रनच्या टोकाने तोंड पुसलं, दोन्ही हातांनी, बराच वेळ.

"पोरी, तू जा आता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वेस राहू दे खेळत. नंतर मी आणून सोडीन त्याला."

डार्सी निघाली. घरी जायचं तिच्याने होईना, ती समोर रस्त्यावर गाडीतच बसून राहिली. बूट काढून मागच्या सीटखाली टाकले. बाहेर बोचरी थंडी पडली होती, आणि विल्माचं दार तिच्यामागे लागलं नव्हतं. वेसने येऊन त्यात आपला एक बूट अडकवून ठेवला होता आणि परत खेळायला गेला होता. उघड्या दारातून दोन पोरांचे पाय दिसत होते. घरात गार वारा शिरत असणार, पण ते लावायला आतून कुणी उठलं नाही.